ओल्या पोत्याखालचे अण्णा

आमचे अण्णा वारले त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मी त्यांच्या डोक्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत होते, आणि तेही दुसऱ्याच्या अंगणात, दुसऱ्याची बादली घेऊन. ऐकणाऱ्याला हसू येतं. मला तेव्हा अजिबात येत नव्हतं.

झरीच्या पुढं आत गेलं की आमचं गाव. अण्णा तिथल्या शाळेत हेडमास्तर होते. गावातला जो कुणी सही करायचा तो अण्णांच्या हाताखालून गेलेला. ते गेल्यावर गावकऱ्यांनी ठरवलं, शाळेत गुरुजींचा अर्धपुतळा बसवायचा. ठरवणारे ठरवून मोकळे झाले. थोरला दादा गावाकडं शेती बघायचा, तो म्हणाला मला पेरणीतून फुरसत नाही. धाकटा औरंगाबादला बँकेत, तो म्हणाला मला रजा नाही. मी परभणीत मुलींच्या शाळेत शिकवायची आणि मूर्तिकारही परभणीत राहायचा, एवढ्यावरून सगळं लचांड माझ्या गळ्यात आलं. मला जसे काही पेपर तपासायचे नव्हते, स्वयंपाक नव्हता, लेकरं नव्हती.

खरं तर मी तिथंच हात झटकले असते. पण वर्षश्राद्धाला गेले होते तेव्हा सगळे पांगल्यावर माय चुलीपुढं बसून हळूच म्हणाली होती, "अगं, त्यांचा चेहराच डोळ्यापुढं येईना मला. लय आठवून बघायलेय, येतच न्हाई." हे सांगताना तिनं दाराकडं बघून घेतलं, कुणी ऐकलं तर काय म्हणेल म्हणून. मला लय कसंतरी झालं. जन्म ज्या माणसाबरोबर काढला त्याचा चेहरा बाईला आठवू नये आणि वर तिलाच त्याची लाज वाटावी. पुतळा झाला तर मायला तिचं माणूस बघायला मिळेल, एवढ्यासाठी मी हो म्हटलं. गावाच्या ठरावाशी मला देणंघेणं नव्हतं.

मूर्तिकाराला परभणीत सगळे पेंटर म्हणत. रंगाच्या डब्याशी ज्याचा संबंध तो पेंटर, हा आमच्याकडचा हिशेब. त्यांना ते मुळीच आवडायचं नाही. मी हैदराबादला मूर्तिकाम शिकून आलेला माणूस आहे, पाट्या रंगवणारा नव्हे, असं त्यांनी पहिल्याच भेटीत मला बजावलं. त्यांच्या मागं दाराला टेकून एका किराणा दुकानाची पाटी वाळत होती, अर्धी रंगवलेली. मी तिकडं न बघितल्यासारखं केलं. तेव्हा माझ्यात अजून सहनशक्ती शिल्लक होती.

घर जुन्या वस्तीत. गल्ली इतकी अरुंद की सायकलरिक्षा कोपऱ्यावरच सोडावी लागायची. कारखाना म्हणजे अंगणातली पत्र्याची शेड. आत बिनरंगाचे गणपती, एक पाय नसलेला बैल आणि कुण्या पुढाऱ्याचं बिनडोक्याचं धड. पुढाऱ्यानं हात पुढं केलेला आणि त्या हातावर पेंटरच्या बायकोनं लेकरांच्या चड्ड्या वाळत घातलेल्या. बसायचं सिमेंटच्या पोत्यावर. बसलं की साडीचं वाटोळं. चहा घेतल्याशिवाय काम दाखवायचं नाही हा पेंटरचा नियम आणि चहा येईपर्यंत हैदराबादच्या गोष्टी ऐकायच्या हा आपला भोग. तिथले उस्ताद त्यांच्या बोटांवर कसे खूश होते हे मी इतक्यांदा ऐकलं, की पुढं पुढं ते अडखळले तर मीच पुढचं वाक्य सांगायची.

आता फोटोचं ऐका. अण्णांचे फोटो सगळे मिळून दोन. एक लग्नातला. त्यात बाशिंग आणि मुंडावळ्यांनी तोंड असं झाकलंय, की खाली कुणाचाही नवरा असू शकतो. दुसरा शाळेतला. मास्तर आणि सातवीची पोरं ओळीनं उभी, मधोमध खुर्चीवर अण्णा, तोंड हरभऱ्याच्या डाळीएवढं आणि त्यावर टोपीची सावली. पेंटरनी भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि नाक आहे एवढं नक्की सांगता येतं म्हणाले. मग त्यांनी मलाच विचारायला घेतलं. रागावले की काय करायचे, जेवताना डोळे कुठं असायचे, हसताना आवाज यायचा का. मी सगळं सांगितलं. रागावले की अण्णा बोलत नसत, चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसत बसत. पेंटर मान हलवत राहिले आणि शेवटी, कळलं, म्हणाले. काय कळलं देव जाणे.

मग एक दिवस त्यांनी ओलं पोतं वर उचललं. मातीचं काम वाळून तडकू नये म्हणून ते सारखं ओल्या पोत्याखाली ठेवतात. मी पदर सावरून उभी राहिले. समोर एक भला माणूस होता. कुणाचा तरी बाप नक्की असेल, माझा नव्हता. पेंटर विचारतात, काय चुकलंय ते सांगा. आणि मला सांगता येईना. नाक बरोबर होतं. कपाळ बरोबर होतं. हनुवटीवरचा तीळसुद्धा मी सांगितला तिथं होता. सगळं बरोबर आणि माणूस मात्र दुसराच. वर्गात मी पोरींना म्हणायची की येत नसेल तर नीट विचारा तरी. इथं मला विचारताही येत नव्हतं, त्याचाच जास्त संताप यायचा.

मी एक बघितलं की पुतळ्याची पाठ नुसती थापलेली होती. बोटांचे ठसे तसेच, एका ठिकाणी आतला गज दिसत होता. ते मी बोलून दाखवलं, तर पेंटर म्हणाले, पाठ कोण बघतंय बाई, ती भिंतीला लागणार.

मग घरचे यायला लागले. दादा आला आणि म्हणाला, अण्णांना मिशी होती. होती, दादा लहान असताना. पुढं कधीतरी काढली, मी तर मिशीचे अण्णा बघितलेच नाहीत. पण दादा थोरला. पेंटरनी तिथल्या तिथं मिशी लावली. पुढच्या आठवड्यात धाकटा आला. मिशी बघून त्याचं डोकंच फिरलं. मिशी काढा आणि चष्मा लावा म्हणाला. मिशी निघाली, चष्मा आला. मग गावची मंडळी जीपगाडी करून आली. त्यांनी पुतळ्याभोवती चक्कर मारली, चहा घेतला आणि सांगितलं, टोपीवर शोभा नाही, फेटा बांधा. अण्णांनी लग्न सोडून आयुष्यात फेटा बांधला नव्हता. पेंटरनी तोही बांधला, वर तुरा काढला.

मी भडकले. तुम्हाला स्वतःचं काही मत आहे का नाही, म्हणून विचारलं. पेंटर शांतपणे माती मळत बसले होते. माती आहे, काय बिघडतंय, सगळ्यांचं एकदा होऊन जाऊ द्या, असं म्हणाले. माझ्या बापाची त्यांनी धर्मशाळा करून टाकली होती, येईल त्यानं मुक्काम करावा.

तशात ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. कधी बंद, कधी मोर्चा, कधी एकदम पोलिसांच्या गाड्या. पुतळा म्हटलं की सगळ्यांचे कान टवकारायचे. एकदा मी शेडमध्ये असताना एक हवालदार आत आला आणि काठीनं पोत्याकडं दाखवून हा कुणाचा पुतळा म्हणून विचारलं. पेंटर हैदराबादपासून सुरुवात करणार तेवढ्यात मी म्हटलं, माझा बाप आहे. त्यानं पोतं उचलायला लावलं. चारी बाजूंनी बघितलं. मग मला म्हणतो, बाई, गाल जरा भरा, गुरुजी लोक एवढे वाळलेले नसतात. मी कपाळाला हात लावला. पेंटर लगेच माती घ्यायला वाकले, तेव्हा मी त्यांचा हात धरला. परक्या पुरुषाचा हात मी तेवढाच एकदा धरला असेन.

मग उन्हाळा लागला आणि पेंटर चालले पोखर्णीला. तिथं नरसिंहाच्या देवळाजवळ कुणाच्या तरी नव्या घरावर दोन सिंह करून द्यायचं काम त्यांना मिळालं. बायको लेकरांना घेऊन माहेरी. शेडची किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, सकाळ-संध्याकाळ पोतं भिजवत जा, न्हाईतर गुरुजी तडकतील. मी नाही म्हणायच्या आत ते कोपऱ्यावर पोचले होते.

परभणीचा उन्हाळा, नळाचा पत्ता नाही. पेंटरच्या शेजारणीच्या हौदातून बादली मागून आणायची आणि अण्णांवर शिंपडायची. शेजारीण बोलायची, माणसाला प्यायला न्हाई अन् बाई बापाला आंघोळ घालायलीय. तिचंही चूक नव्हतं. मी पोतं काढायची, शिंपडायची आणि अण्णांशी भांडायची. जिवंतपणी कुणाला पाणीसुद्धा मागितलं नाही तुम्ही, आणि आता बघा. त्या फेट्याखाली, त्या चष्म्याआड ते परके डोळे माझ्याकडं बघायचे. आणि एका संध्याकाळी मी मनात खरे अण्णा आणायला गेले तर हेच मातीचं तोंड पुढं आलं. होतं नव्हतं तेही हे माणूस पुसत चाललंय आणि मी त्याला पाणी घालून जगवतेय. उद्या माय हे बघेल आणि हेच तिचं माणूस म्हणून मान डोलवेल, बिचारी. मी बादली तिथंच आपटली आणि पोत्यावर बसून रडले. मग उठून पोतं नीट झाकलं, कारण तडकले असते.

पेंटर परत आले ते अंगानं काळे होऊन. मी त्यांच्यापुढं उभी राहून सगळं उतरवायला लावलं. फेटा गेला, तुरा गेला, टोपी परत आली आणि चष्मा राहिला. तरी अण्णा येईनात. इकडं दादानं कुणाला न विचारता अनावरणाची तारीख धरली होती, पाहुणे ठरवले होते. मी म्हटलं, जाऊ द्या, काढा साचा. तर या माणसानं, ज्यानं आजवर कुणाला नाही म्हटलं नव्हतं, त्यानं मला नाही म्हटलं.

"साचा काढला की माती गेली, मग रडून उपयोग न्हाई," ते म्हणाले. "ज्यांनी संसार केला त्यांना आणा. त्या हो म्हणल्या की मी साचा काढतो."

मला त्यांचा गळा धरावासा वाटला. हे आधी सुचलं नव्हतं का? आणि माय काय सहज येते? तिला निरोप धाडला तर गुडघे दुखतात. दुसरा निरोप, म्हैस व्यायला झालीय. तिसरा निरोप, बाईमाणसानं पुतळ्यापुढं कशाला जायचं. शेवटी रविवारी मीच गेले. त्या दिवशी बंद होता, एसटी नव्हती. झरीकडून येणारी एक जीप मिळाली, तिच्यात मायला पुढं बसवून मी मागं लटकत आले. मायनं वाटेत एकदाच विचारलं, मी न्हाई म्हणले तर त्या पेंटरला वाईट वाटंल का. मी म्हटलं, वाटू दे, माझा जीव घेतलाय त्यानं.

शेडमध्ये मायला स्टुलावर बसवलं. पेंटरनी त्या दिवशी चहाचा नियम मोडला आणि सरळ पोतं काढलं. मायनं पदर पुढं ओढला, एकदा वर बघितलं आणि मान खाली घातली. पेंटर थांबले. मी थांबले. आत कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

मला त्यातलं काय कळतंय, माय म्हणाली.

माझा तोलच गेला. मी म्हटलं, माय, एवढा जन्म काढलास त्यांच्याबरोबर, आणि तुला कळत नाही तर कुणाला कळणार. सगळ्या गावानं येऊन मिशा लावल्या, फेटे बांधले, पोलीस येऊन गेला, तू निदान एक शब्द बोल. नाक कसं होतं ते सांग. डोळे सांग.

माय बोटानं स्टुलावरची माती खरवडत बसली. मग म्हणाली, "मी त्यांना समोरून कधी बघितलंय गं? सासू होती तवर मान खाली. मग दीर. मग तुमी मोठे झालात. वाढतानी ताटाकडं बघायचं. बाजाराला निघालं की ते पुढं, मी मागं. मी मागूनच बघितलंय त्यांना."

चेहरा आठवेना म्हणून ही बाई वर्षभर स्वतःला खात होती, आणि तो तिला कुणी कधी बघूच दिला नव्हता. सासू गेली, दीर गेले, आणि राहिलेलो आम्ही.

माय आपणच उठली आणि पुतळ्याच्या मागं गेली. तिथं ती गजाची, ठशांची थापलेली पाठ. तिनं ती बघितली आणि पहिल्यांदा पदर मागं सारला. म्हणाली, हे कोण केलंय, ही काय मान हाय. पेंटर, जे पाठ भिंतीला लागणार म्हणाले होते, ते पटकन पुढं झाले. मायनं हातानं दाखवलं. उजवा खांदा खाली असायचा, शाळेची पिशवी जन्मभर त्याच खांद्याला. मान डावीकडं कललेली, मागून कुणी येतंय का त्याची चाहूल घेतल्यासारखी. टोपीच्या खाली, मानेत, बोट राहील एवढा खळगा. पेंटर माती काढत होते, लावत होते, गज वाकवत होते आणि माय त्यांच्या मागं उभी राहून, अजून, अजून जरा, बास, एवढंच म्हणत होती. त्या दुपारी हैदराबादचं नाव निघालं नाही.

मी समोरच पोत्यावर बसले होते. साडीचं जे व्हायचं ते झालं होतं. खांदा खाली आला, मान कलली आणि मी वर बघितलं तर अण्णा होते. नाक तेच, हनुवटी तीच, चष्मा तोच, ज्याला मी इतके दिवस शिव्या घातल्या तोच चेहरा. वर्गाच्या दारावरून जाताना जरा थांबून कान देणारे अण्णा. मी माय, माय म्हणून ओरडले, तिला हाताला धरून समोर आणलं. तिनं क्षणभर बघितलं आणि सवयीनं मान खाली घातली. हो, असतील, म्हणाली, आणि परत मागं गेली.

पेंटरनी दुसऱ्या दिवशी साचा काढला.

अनावरणाच्या दिवशी मांडव, कर्णा, पाहुण्यांची भाषणं, सगळं झालं. अण्णांविषयी जे बोलले त्यातल्या निम्म्यांनी त्यांना बघितलेलं नव्हतं. सिमेंटचा पुतळा तांब्याच्या रंगात लकाकत होता. माय विधवा बाई म्हणून बायकांच्याही मागं, खांबाआड उभी. फराळाला सगळे उठले तेव्हा मी तिला शोधायला गेले. ती पुतळ्यापाशी होती, भिंतीला गाल लावून आत डोकावत होती. दादानं ओटा भिंतीला चिकटून बांधून घेतला होता. पुतळ्याची पाठ आणि भिंत यांच्यात हात शिरणार नाही एवढी फट.

मी आले ती थेट पाहुण्यांच्या पंगतीत. दादाला म्हटलं, ओटा फोड. तो म्हणाला, वेडी का खुळी, लोक बसलेत, आणि पुतळ्याची पाठ कोण बघतंय. तेच वाक्य. मला ते दुसऱ्यांदा ऐकवेना.

"माय बघती," मी म्हटलं. "एवढं तरी ठेवा तिला."

दादानं हातातला द्रोण खाली ठेवला आणि खांबाकडं बघितलं, जिथं माय नव्हती. मी त्या रात्री परभणीला गेले नाही, शाळेला खाडा झाला तर झाला. सकाळी गवंडी आला, पहार घेऊन ओटा फोडला आणि भिंतीपासून माणूस जाईल एवढा पुढं घेऊन नवा बांधला. पुतळा उचलायला गावातली तीच मंडळी होती, फेटेवाली. आता पुरे करा म्हणून सगळे माझ्यावर कावले होते. कावोत.

पुढं मी सुट्टीत गावी गेले की बघायची. बाजाराच्या दिवशी माय पिशवी घेऊन शाळेच्या फाटकातून आत यायची. समोर थांबायची नाही. सरळ मागं जायची आणि पुतळ्यापासून थोडी लांब उभी राहायची, बाजाराला जाताना त्यांच्या मागं राहायची तेवढीच. मग पदर नीट करून निघायची. एकदा मी तिला विचारलं, आता तरी येतो का चेहरा डोळ्यापुढं.

"चेहऱ्याचं काय घिऊन बसलीस," माय म्हणाली. "पुढं चालायलेत की ते."